हे मिनिट कोणाच्या नावावर? देशाच्या हवाई वाहतूक व्यवस्थापनाचं वर्षभराचं मूल्यमापन

विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटतं. प्रवासी विमान कंपनीच्या नावाने खडे फोडतात, कंपनी हवाई वाहतूक नियंत्रणाकडे बोट दाखवते, नियंत्रणवाले शेजारच्या देशाकडे आणि शेजारी आभाळाकडे. वर्ष संपल्यावर अशा लाखो मिनिटांचा हिशेब मांडायला कोणाला तरी बसावं लागतं. नियामकाकडे, सेवा पुरवणाऱ्या संस्थेत किंवा विद्यापीठात हे काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी हा लेख आहे. यातली आकडेमोड फार अवघड नाही. बेरीज आणि भागाकार नीट येत असेल तर बरंचसं काम निभावतं. कस लागतो तो बिल कोणाच्या नावावर फाडायचं हे ठरवताना.

पायरी १: आधी हद्द आखा

‘देशाची कामगिरी’ म्हणजे नेमकी कोणाची? नकाशावरची सीमा आणि आकाशातली जबाबदारी एकच असेल असं नाही. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनी यांचं सुमारे २४,५०० फुटांवरचं आकाश मास्ट्रिक्टचं एकच केंद्र सांभाळतं. दक्षिण जर्मनीच्या काही भागाचं नियंत्रण स्विस संस्था करते. २००२ साली यूबरलिंगनजवळ दोन विमानं आदळून ७१ जण गेले, तेव्हा विमानं जर्मनीवर होती, पण नियंत्रक झुरिकला बसलेला होता. दुसरीकडे, समुद्रकाठच्या काही देशांच्या वाट्याला त्यांच्या जमिनीच्या कितीतरी पट महासागरी आकाश आलेलं असतं.

म्हणून पहिल्याच पानावर लिहून टाका: कोणता उड्डाण माहिती प्रदेश (ज्याला सगळे एफआयआर म्हणतात), कोणती सेवा संस्था, कोणते विमानतळ, आणि लष्करी नियंत्रण धरलं की वगळलं. हे आधी ठरलं नाही तर सहा महिन्यांनी अंशामध्ये एका हद्दीची मिनिटं आणि छेदामध्ये दुसऱ्याच हद्दीची उड्डाणं सापडतात.

काय मोजायचं, याची यादीही इथेच छोटी करून घ्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, कामगिरीची ११ क्षेत्रं सांगितली आहेत: सुरक्षितता, क्षमता, कार्यक्षमता, पर्यावरण, खर्च, अंदाज येण्याजोगेपणा वगैरे. युरोपीय संघाच्या कामगिरी योजनेत बंधनकारक उद्दिष्टं यांपैकी चारच क्षेत्रांत ठेवली जातात: सुरक्षितता, पर्यावरण, क्षमता आणि खर्च-कार्यक्षमता. पहिल्या वर्षी अकराच्या अकरा मोजायला निघालेला माणूस एकही धड मोजत नाही. चारांवर थांबा.

पायरी २: डेटा गोळा करा, आणि घड्याळ तपासा

लागणारं साहित्य असं: दाखल झालेले फ्लाइट प्लॅन, रडार किंवा एडीएस-बीचे (विमान स्वतःच आपली जागा प्रक्षेपित करतं ती प्रणाली) ट्रॅक, विमानतळावरच्या चार वेळा (स्टँडवरून, म्हणजे उभं राहण्याच्या जागेवरून, हललं, उडालं, उतरलं, स्टँडवर लागलं), प्रवाह व्यवस्थापनाच्या (गर्दी टाळण्यासाठी विमानं आधीच रोखून धरण्याच्या) नोंदी, सुरक्षितता घटनांचे अहवाल, आणि संस्थेचे लेखापरीक्षण झालेले हिशेब.

विमान वाहतुकीचं सगळं काम यूटीसीवर, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेवर, चालतं, पण विमानतळांच्या नोंदी कधी कधी स्थानिक वेळेत असतात. माझ्या पहिल्या अहवालात एका विमानतळाची विमानं उडण्याच्या कित्येक तास आधी उतरत होती. ते दिसलं म्हणून सापडलं. न दिसणारी चूक जास्त वाईट: मध्यरात्रीच्या आसपासची उड्डाणं चुकीच्या दिवशी, आणि ३१ डिसेंबरची चुकीच्या वर्षात मोजली जातात. एकाच कॉलसाइनची (रेडिओवर उड्डाणाला हाक मारायचं नाव) दोन उड्डाणं एक होणं, रद्द झालेला फ्लाइट प्लॅन उड्डाण म्हणून मोजला जाणं, या नेहमीच्याच गोष्टी. एका महिन्याची बेरीज दोन वेगळ्या स्रोतांतून काढा. फरक राहणारच, पण तो का आहे हे सांगता यायला हवं. सांगता येत नसेल तर पुढच्या पायरीवर जाऊ नका.

पायरी ३: वाहतूक समजून घ्या

एकूण उड्डाणांचा आकडा ही फक्त सुरुवात. त्यांतली वरून नुसती ओलांडून जाणारी किती, देशात उतरणारी-उडणारी किती, देशांतर्गत किती, हे वेगळं करा. ओलांडून जाणारं विमान सरळ रेषेत चाळीस मिनिटं उडतं आणि नियंत्रकाला तुलनेने कमी काम देतं. चढणारी-उतरणारी विमानं एकमेकांच्या वाटा कापतात. दोन देशांची उड्डाणं सारखीच असली तरी काम सारखं नसतं. उड्डाणांसोबत उड्डाण-तासही मोजा, आणि तुलना दिवसाच्या सरासरीवर करा. लीप वर्षात एक दिवस आयता जास्त मिळतो.

तुलनेचं वर्ष जपून निवडा. युरोपात २०१९ साली सुमारे १ कोटी ११ लाख उड्डाणं झाली आणि २०२० साली जेमतेम ५० लाख. २०२० च्या तुलनेत पुढचं प्रत्येक वर्ष म्हणजे जोमदार वाढ, आणि २०२० चा विलंब पाहिला तर वाटावं की व्यवस्थेने कमाल केली. कमाल वगैरे काही नव्हती, आकाश रिकामं होतं.

पायरी ४: सुरक्षितता, तीही टक्केवारीविना

अहवालात हे प्रकरण पहिलं यावं, कारण विमानांना एकमेकांपासून दूर ठेवणं हेच या व्यवस्थेचं मूळ काम. पाहायच्या मुख्य गोष्टी दोन: विमानांमधलं ठरलेलं किमान अंतर मोडल्याच्या घटना, आणि धावपट्टीवर नको तेव्हा विमान, वाहन किंवा माणूस येणं. रडारखाली मार्गावर साधारण ५ सागरी मैल, विमानतळाजवळ ३, आणि उंचीत १,००० फूट ही नेहमीची किमान अंतरं. प्रत्येक घटनेची तीव्रता ठरवलेली असते. ही वर्गवारी तुम्ही करायची नाही, तपास करणाऱ्यांकडून घ्यायची.

नवखा इथे दोनदा पाय घसरून पडतो. एक म्हणजे, अहवाल वाढले की सुरक्षितता घसरली असं तो मानतो. बहुतेकदा उलटं असतं: शिक्षेची भीती कमी झाली की नियंत्रक स्वतःहून चुका कळवू लागतात, किंवा रडारच्या नोंदींतून अंतर मोडल्याचं आपोआप पकडणारी प्रणाली बसलेली असते. त्यामुळे एकूण अहवाल आणि गंभीर घटना वेगवेगळ्या दाखवा. अहवाल वाढून गंभीर घटना स्थिर असतील तर ती चांगली बातमी आहे. दुसरं म्हणजे लहान आकड्यांची टक्केवारी. गंभीर घटना ३ वरून ५ झाल्या याला ‘६७ टक्के वाढ’ म्हणणं बरोबर असूनही खोटं आहे. आकडे तसेच लिहा, पाच वर्षांचे शेजारी शेजारी ठेवा, दर लाख उड्डाण-तासांचं प्रमाण द्या आणि प्रत्येक गंभीर घटनेवर दोन ओळी लिहा.

पायरी ५: विलंब. इथे वेळ घालवा

माझ्या मते अहवालाची अर्धी मेहनत इथे जायला हवी, कारण गैरसमजही निम्मे इथलेच.

पहिला भेद: प्रवाशाचा उशीर आणि प्रवाह व्यवस्थापनाचा विलंब या दोन वेगळ्या गोष्टी. एखाद्या सेक्टरमध्ये, म्हणजे नियंत्रकांमध्ये वाटून दिलेल्या आकाशाच्या तुकड्यात, क्षमतेपेक्षा जास्त विमानं येणार असं दिसलं की काहींना जमिनीवरच थांबवून उडण्याचा स्लॉट दिला जातो. युरोपात तो स्लॉट दिलेल्या वेळेच्या ५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंत चालतो. विमानाने मागितलेली उडण्याची वेळ आणि मिळालेली वेळ यांतला फरक म्हणजे प्रवाह व्यवस्थापनाचा विलंब, ज्याला एटीएफएम विलंब म्हणतात. प्रवाशाच्या उशिरात याशिवाय बॅगा, इंधन, दुरुस्ती, कर्मचारी आणि मुख्य म्हणजे मागच्या फेरीचा उशीर असतो. विमान कंपन्यांच्या विलंब-संकेतांत ८१ ते ८४ हे प्रवाह व्यवस्थापनाचे, आणि ९३ म्हणजे ‘विमान मागच्या फेरीहूनच उशिरा आलं’. त्या ९३ च्या पोटात सकाळचा एखादा ८१ दडलेला असू शकतो, हेही विसरू नका.

आता एक कल्पित देश घेऊ. वर्षात ६,००,००० उड्डाणं, मार्गावरचा एटीएफएम विलंब ४,८०,००० मिनिटं. म्हणजे उड्डाणामागे ०.८ मिनिट. ‘एवढंसंच? मग ओरड कसली?’ पण विलंब झाला फक्त ४०,००० उड्डाणांना, म्हणजे ज्यांना झाला त्यांना सरासरी १२ मिनिटं. आणि दिवसांनुसार क्रम लावला तर समजा सर्वांत वाईट ३० दिवसांनीच ६० टक्के विलंब खाल्ला. सरासरी, झळ बसलेल्यांची सरासरी आणि वाईट दिवसांचा वाटा, हे तिन्ही आकडे एकत्र द्या. युरोपीय संघाच्या २०१५ ते २०१९ या टप्प्याचं उद्दिष्ट उड्डाणामागे अर्धं मिनिट होतं आणि २०१८ साली युरोपात प्रत्यक्ष आकडा १.७ मिनिटांच्या घरात गेला. हे माहीत असलं की आपला ०.८ कुठे बसतो ते कळतं.

मग कारणं. वाहतूक रोखताना प्रत्येक वेळी कारण नोंदवलेलं असतं: सेक्टरची क्षमता, नियंत्रकांची कमतरता, हवामान, संप, लष्करी सराव, यंत्रणेतला बिघाड. आपल्या ४,८०,००० मिनिटांत क्षमता आणि कर्मचारी २,६०,०००, हवामान १,३०,०००, संप ५०,०००, लष्कर २५,००० आणि बिघाड १५,००० धरू. सेवा संस्था लगेच म्हणेल, हवामान आमच्या हातात नाही. खरं आहे, पण पुरतं नाही. वादळ सगळ्यांवर सारखंच येतं. ज्याच्याकडे जादा नियंत्रक बोलावण्याची सोय असते आणि सेक्टर झटकन फोडता येतात, त्याचा विलंब कमी राहतो. शिवाय कारणाची नोंद शिफ्टवरच्या माणसाने गडबडीत केलेली असते. ‘हवामान’ लिहिलेले दहा मोठे दिवस निवडा, त्या दिवशीचे हवामान अहवाल काढा आणि किती सेक्टर उघडे होते ते पाहा. दुपारी वादळ होतं, पण विलंब सकाळी आठपासून सुरू होता, अशी एक तरी नोंद सापडतेच.

बिल फाडण्याची रीतही तपासा. एकाच उड्डाणावर तीन ठिकाणची बंधनं असतील तर युरोपात सगळा विलंब सर्वांत जाचक बंधनाच्या नावावर जातो. बाकीचे दोघे कोरडे सुटतात. अमेरिकेतल्या एका प्रमुख नोंदपद्धतीत १५ मिनिटं किंवा त्याहून जास्त विलंबाचीच गणना होते, युरोपात प्रत्येक मिनिट मोजलं जातं. हे दोन आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवू नका.

आणि ज्या देशात प्रवाह व्यवस्थापन नीट रुजलेलंच नाही, तिथे हा विलंब शून्य दिसतो. ती मिनिटं विमानतळाजवळ घिरट्यांत आणि वळणावळणाच्या वाटांत जळतात. शून्य दिसलं की आनंद आवरा आणि पुढची पायरी लगेच करा.

पायरी ६: विमानतळाभोवतीचा वेळ

स्टँडवरून निघून उडेपर्यंतचा वेळ मोजायचा, आणि ‘मोकळ्या वेळी किती लागला असता’ तो त्यातून वजा करायचा. हा मोकळा वेळ ठरवण्याचा सोपा मार्ग: सगळ्या नोंदी लहान ते मोठ्या लावून २० वा पर्सेंटाइल घ्या, म्हणजे ज्याच्या खाली २० टक्के नोंदी येतात तो आकडा. तो ११ मिनिटं आणि प्रत्यक्ष सरासरी साडेपंधरा असेल, तर जादा वेळ साडेचार मिनिटं. मात्र हे स्टँडचा गट आणि धावपट्टी अशा जोड्यांनी करा. नाहीतर दूरची धावपट्टी जास्त वापरली त्या वर्षी टॉवर सुस्तावला असा निष्कर्ष निघतो.

उतरणाऱ्यांसाठी विमानतळाभोवती ४० सागरी मैलांचं वर्तुळ काढतात आणि आत शिरल्यापासून उतरेपर्यंतचा जादा वेळ तसाच काढतात. तिथे जोडी असते शिरण्याची दिशा, धावपट्टी आणि विमानाचा प्रकार यांची. थोडा जादा वेळ हवाच असतो. धावपट्टीला विमानं सतत मिळत राहावीत म्हणून रांगेत एखाददुसरं राखून ठेवावं लागतं. शून्याचा हट्ट धराल तर धावपट्टी रिकामी बसेल.

पायरी ७: वाट किती वाकडी, उतरण किती पायऱ्यांची

उडालेलं अंतर आणि सरळ अंतर यांतला फरक हा पर्यावरणाचा मुख्य निर्देशक. ‘सरळ’ म्हणजे पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत जवळची वाट. एका देशापुरतं मोजताना एक गोम आहे. समजा विमान आपल्या हद्दीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत ४०४ किलोमीटर उडालं, शिरण्या-निघण्याच्या बिंदूंमधलं सरळ अंतर ४०० आहे. एक टक्का जादा, छान. पण ते बिंदूच आडबाजूला असतील तर? म्हणून तिसरं अंतर काढतात: या टप्प्यात विमान मूळ ठिकाणापासून किती दूर गेलं आणि मुक्कामाच्या किती जवळ आलं, यांची सरासरी. ती ३९० निघाली तर एकूण जादा १४ किलोमीटर, म्हणजे ३.६ टक्के. त्यातले ४ आपल्या आकाशातले, १० शेजाऱ्यांशी ठरवलेल्या प्रवेशबिंदूंमुळे आलेले. पहिल्यासाठी मार्गरचना सुधारायची, दुसऱ्यासाठी शेजाऱ्याशी बोलायचं. विमानतळाजवळची ४० सागरी मैलं यातून वगळतात, कारण ती मागच्या पायरीत मोजून झाली.

हा आकडा राजकारणानेही हलतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद झालं, मग युरोपीय संघाच्या आणि रशियाच्या विमानांना एकमेकांच्या आकाशात मज्जाव झाला. पूर्व युरोपातल्या काही देशांचा निर्देशक नियंत्रकांनी काहीही न करता बिघडला. याउलट कधी बिघाड मुद्दाम स्वीकारलेला असतो: २०१९ च्या उन्हाळ्यात युरोपात तुंबलेल्या सेक्टरांवरची उड्डाणं दुसरीकडून वळवली, म्हणजे विलंब वाचला आणि किलोमीटर वाढले. विलंब आणि अंतर एकाच पानावर ठेवल्याशिवाय हे दिसत नाही.

उभ्या दिशेत, चढताना किंवा उतरताना विमान मध्येच सपाट किती वेळ उडालं ते मोजा. रूढ व्याख्या अशी: चढण-उतरणीचा वेग मिनिटाला ३०० फूट किंवा त्याहून कमी आणि तो किमान २० सेकंद टिकलेला. उतरतानाचे सपाट तुकडे जास्त आणि कमी उंचीवर असतील तर इंधन तिथे गळतंय. इंधनाचा अंदाज निघाला की प्रत्येक किलोमागे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड धरा.

पायरी ८: खर्च

सेवा संस्था मार्गावरचं आणि विमानतळाजवळचं अशी दोन्ही कामं करते, म्हणून ती एका मापात आणावी लागतात. युरोपातल्या देशांची हवाई वाहतूक संघटना असलेल्या युरोकंट्रोलची जुनी रीत: मार्गावरचे उड्डाण-तास अधिक ०.२७ गुणिले विमानतळावरच्या हालचाली (उतरणं आणि उडणं). आपल्या कल्पित देशात ९,००,००० तास आणि ४,००,००० हालचाली असतील तर बेरीज १०,०८,००० संयुक्त तास. एकूण खर्चाला याने भागा. हेच तास नियंत्रकांच्या प्रत्यक्ष ड्युटीच्या तासांनी भागले की उत्पादकता मिळते.

खर्चात सर्वांत मोठा वाटा पगारांचा, आणि वाहतूक घसरली म्हणून पगार घसरत नाहीत, त्यामुळे मंदीच्या वर्षी तासामागचा खर्च आपोआप उसळतो. महागाई काढून टाका, दोन देशांची तुलना असेल तर क्रयशक्तीचा विचार करा, नवी प्रणाली बसवलेल्या वर्षी घसारा वेगळा दाखवा. आणि स्वस्त म्हणजे चांगलं असं समजण्याआधी विलंबाची किंमत त्यात मिळवा. वेस्टमिन्स्टर विद्यापीठाच्या अभ्यासातला, २०१४ च्या किमतींतला मिनिटाला सुमारे १०० युरो हा दर युरोपात बराच वापरला गेला. नियंत्रकांची भरती थांबवून वाचवलेले पैसे विमान कंपन्या विलंबाच्या रूपाने भरत असतील, तर ते इथे उघडं पडतं.

पायरी ९: लिहिताना

वर्षातले असाधारण दिवस वेगळ्या चौकटीत घ्या, पण वर्षातून वगळू नका. २८ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रिटनची फ्लाइट प्लॅन वाचणारी प्रणाली बंद पडली. एकाच नावाचे दोन मार्गबिंदू एका प्लॅनमध्ये आले आणि तिला ते उलगडलं नाही. सात लाखांहून जास्त प्रवाशांना झळ बसली. वार्षिक सरासरीत असा दिवस मुरून जातो, रद्द झालेली उड्डाणं तर विलंबात मोजलीच जात नाहीत. आकडे ‘त्या दिवसासह’ आणि ‘त्या दिवसाविना’ असे दोन्ही द्या, रद्द उड्डाणांची संख्या शेजारी लिहा.

मसुदा छापण्याआधी एखाद्या शिफ्ट सुपरवायझरला दाखवा. जुलैतल्या कोणत्या दिवशी कोणतं सेक्टर का बंद होतं हे त्याला आठवतं, आणि तुमच्या आलेखावरच्या ज्या सुळक्याला तुम्ही डेटाची चूक समजला होतात त्याचं कारण तो चहा संपायच्या आत सांगतो. आक्षेप आले तर आकडा बदलण्यासाठी पुरावा मागा, आणि बदललात तर आधीचा आकडाही तळटीपेत ठेवा. विलंबाच्या नोंदी पुढेही दुरुस्त होत राहतात, खर्चाचे अंतिम हिशेब तर बऱ्याच उशिरा येतात. म्हणून प्रत्येक तक्त्याखाली डेटा कोणत्या तारखेला उचलला ते लिहा. पुढच्या वर्षी तुमच्या खुर्चीत बसणाऱ्याला पहिला फोन त्याच तारखेसाठी येणार आहे.